समुद्राकाठच्या फुटपाथवर कुठली घंटी चांगली? सायकलच्या पाच घंट्यांची पारख

निकाल आधीच सांगून टाकतो. मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, कार्टर रोड किंवा ऑगस्ट २०२५पासून खुला झालेला कोस्टल रोडलगतचा समुद्राकाठचा पदपथ, अशा ठिकाणी चालणारे आणि सायकलवाले एकाच फरशीवर येतात. तिथे पितळी वाटीची, एका ठोक्याची ‘टिंग’ घंटी घ्यावी, आणि वाटी पाच सेंटिमीटरपेक्षा लहान नसावी. बाजारातून, गल्लीबोळातून सामान वाहणाऱ्यांसाठी जुनी ‘ट्रिंग ट्रिंग’च बरी, पण ती विकत घेतल्यावर आधी उघडून नीट करून घ्यावी लागते. बॅटरीचा भोंगा फुटपाथवर कुणीही लावू नये. बाकीचं पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण नुसती घंटी चांगली असून भागत नाही. ती हँडलवर कुठे बसवली, किती आधी वाजवली आणि वाजवल्यावर सायकलवाल्यानं काय केलं, यावर समोरून चाललेल्या आजींचा तोल अवलंबून असतो.

एक गोष्ट मात्र खरेदीच्या आधीच मनात पक्की हवी. फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अडथळ्याविना फुटपाथ वापरता येणं हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. सायकलवाला तिथे येतो तो बहुतेक वेळा नाइलाजानं. मुंबईत सायकलींना स्वतःची वाट फार थोडी. पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयानं मे २०२२मध्ये बेकायदेशीर ठरवला, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ट्रॅकवर वर्षानुवर्षं गाड्याच उभ्या राहिल्या. रस्त्यावर बस आणि टँकरच्या मध्ये सापडण्यापेक्षा माणूस फुटपाथवर चढतो, हे समजण्यासारखं आहे. पण चढल्यावर तो तिथला पाहुणा असतो. म्हणून घंटीनं ‘बाजूला व्हा’ असं सांगायचं नाही. ‘मागे सायकल आहे’ एवढंच सांगायचं. ही एक कसोटी धरली की पाचातल्या दोन घंट्या आपोआप बाद होतात.

आणि काही फुटपाथ घंटीनंही वापरण्याजोगे होत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक तत्त्वांत फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी असं आहे. आता हिशेब करा. शेजारी शेजारी चालणारी दोन माणसं हात हलवत चालली की सव्वा मीटर जागा घेतात. साध्या सायकलचं हँडल ५५ ते ६० सेंटिमीटर, माउंटन बाइकचं ७०च्या आसपास. म्हणजे कागदावरचा पूर्ण १.८ मीटरचा फुटपाथ मिळाला तरी सायकल आणि माणूस यांच्यात बोटभरही अंतर उरत नाही. त्यात वीजमंडळाची पेटी, झाडाचा आळा आणि वडापावची गाडी आली की संपलंच. अशा ठिकाणी उतरून सायकल हातात धरून चालायचं. दादर स्टेशनबाहेर, किंवा सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत, जिथे बसलेल्यांचे पाय निम्म्या वाटेत आलेले असतात, तिथे घंटी वाजवणं हाच मुळात आगाऊपणा आहे.

आता घंट्या.

जुनी ट्रिंग ट्रिंग सगळ्यांना माहीत आहे. ६० मिलिमीटरच्या आसपासची पोलादी वाटी, वर निकेलचा किंवा क्रोमचा चकचकीत मुलामा, कडेला अंगठ्याचा खटका. ही एकदा उघडून बघाच. वाटी उलट्या दिशेनं फिरवली की बऱ्याच घंट्यांत तशीच निघते. काहींत वरचा छोटा नट सोडवावा लागतो. आत खटक्याला अर्धवर्तुळाकार दाते असतात, ते एका लहान दातेरी चाकाला फिरवतात, ते चाक पुढच्याला, आणि शेवटी मधल्या खुंटीवर एक आडवी पट्टी गरगर फिरते. त्या पट्टीच्या दोन टोकांना दोन सैल वॉशर असतात. पट्टी फिरली की वॉशर बाहेर फेकले जातात आणि वाटीच्या आतल्या उंचवट्यांवर आपटत जातात. ट्रिंग ट्रिंग म्हणजे ही आपटाआपट. खटका एकदा दाबला की आठ-दहा ठोके, सोडला की परत आठ-दहा.

या रचनेचा एक मोठा गुण आहे, जो बहुतेक लोक वापरतच नाहीत. खटका पुरता न दाबता पाव अंतर दाबला की दोनतीनच हलके ठोके पडतात, आणि तेवढे मागून येणाऱ्या सायकलची चाहूल द्यायला पुरतात. पूर्ण दाबलेली घंटी पाठीत धक्का दिल्यासारखी वाटते, आणि तिचा अर्थ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ‘हटा’ असाच आहे. नवी घंटी मात्र पाव दाबाला दाद देत नाही. कारखान्यातून येताना आत घट्ट ग्रीस भरलेलं असतं, त्यात वॉशर चिकटून बसतात. जोर लावला की एकदम सुटतात आणि घंटी केकाटते. म्हणून नवी घंटी आणल्यावर आतलं ग्रीस रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशनं काढायचं, फडक्यानं कोरडं करायचं, आणि प्रत्येक चाकाच्या खुंटीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडायचा. वॉशरना तेल लावायचं नाही. ते कोरडे आणि सैलच हवेत. तेलावर धूळ बसते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हिचा शत्रू खारा वारा. मुलाम्याला ओरखडा गेला की तिथून गंज शिरतो आणि एका पावसाळ्यात आतली स्प्रिंग तांबूस होते. बिघाड ओळखायला सोपे आहेत. खटका दाबल्यावर परत येत नसेल तर स्प्रिंगचं टोक आकड्यातून निसटलं आहे. चिमट्यानं परत अडकवलं की काम होतं. खटका नीट फिरतोय पण आवाज येत नाही, तर वॉशर गंजून पट्टीला धरले आहेत किंवा वाटी सैल झाली आहे. खरखर होऊन मध्येच घसरत असेल तर दाते झिजले, घंटी टाकून द्या. त्या दात्यांवर खर्च करण्यात अर्थ नाही. दूध, पेपर, पाव घरोघरी पोचवणारे, डबेवाले, यांच्यासाठी आजही हीच योग्य घंटी आहे. गल्लीतल्या गोंगाटात एक ठोका हरवतो, आठ हरवत नाहीत.

पितळी टिंग त्याच्या अगदी उलट. आत काहीच नाही. पितळेची जाड वाटी मधोमध एका खुंटीवर, बाहेर स्प्रिंगच्या पट्टीवर एक छोटी हातोडी. बोटानं हातोडी ओढून सोडली की एकच ठोका, आणि मग देवळातल्या घंटेसारखी लांबत जाणारी घुमी. चांगल्या वाटीची घुमी दोनतीन सेकंद कानात राहते. हाच तिचा फायदा. ट्रिंग ट्रिंग ऐकून माणूस दचकतो, टिंग ऐकून वळून बघतो. दचकलेला माणूस कुठे उडी मारेल सांगता येत नाही. वळून बघणारा एक पाऊल टाकायला वेळ घेतो, पण विचार करून टाकतो.

वाटीचा आकार महत्त्वाचा का, तर वाटी लहान तितका आवाज बारीक, आणि वय वाढतं तसं माणसाला बारीक आवाज आधी ऐकू येईनासे होतात. सकाळी सहा-सातला सी फेसवर चालायला येणाऱ्यांत ज्येष्ठ नागरिकच जास्त. तीन सेंटिमीटरची नाजूक वाटी तरुण कानाला फार गोड वाटते, पण सत्तरीतल्या आजोबांपर्यंत ती पोचतेच असं नाही. पाच-साडेपाच सेंटिमीटरची वाटी थोडी जड, थोडी जागा खाणारी, पण तिचा खालचा सूर पोचतो. जाडीही बघावी. पातळ पत्र्याची वाटी ‘टिंग’च्या ऐवजी ‘टिण्‌’ म्हणून थांबते.

दोष दोन. एक, पेव्हर ब्लॉकवरून जाताना हातोडी आपोआप हलते आणि घंटी सतत किणकिणत राहते. ते वाईट, कारण सतत वाजणाऱ्या आवाजाकडे लोक लक्ष देणं सोडतात, आणि खरी वाजवली तेव्हा कुणी वळत नाही. दुकानातच परीक्षा घ्या: घंटी बसवून पुढचं चाक चार-पाच सेंटिमीटर उचलून सोडा. वाजली तर स्प्रिंग कमजोर आहे, दुसरी मागा. दोन, बस, ट्रक आणि बांधकामाच्या आवाजात एक ठोका दबतो. मोकळ्या पदपथावर हा प्रश्न येत नाही, मोठ्या चौकात येतो.

पितळ म्हणून विकलेली प्रत्येक घंटी पितळी नसते. खिशात एक छोटं चुंबक ठेवावं. वाटीला चिकटलं तर आत पोलाद आहे आणि वर नुसता रंग. पितळेला चुंबक चिकटत नाही. काळबादेवीच्या सायकलींच्या दुकानांत घ्यायला गेलात तर दुसरी परीक्षा फुकटात होते: बरोबरच्या माणसाला वीस पावलं लांब, पाठमोरं उभं करा आणि रस्त्याच्या गोंगाटात एकदा वाजवा. त्याला कळलं तर ती घंटी मुंबईत कुठेही चालेल. साध्या ट्रिंगपेक्षा चांगली पितळी टिंग काही पटींनी महाग पडते, पण तिच्यात झिजण्यासारखं फारसं काही नाही.

तिसरी डिंग-डाँग. मोठी, आठ सेंटिमीटरच्या आसपासची, दाबताना एक सूर आणि सोडताना दुसरा, घराच्या दारावरच्या बेलसारखी. आवाजाच्या बाबतीत ही पाचांत सर्वांत सौम्य आणि ज्येष्ठांना सर्वांत चांगली ऐकू येणारी. दोन वेगळे सूर असल्यामुळे हा आवाज फोनचा नाही, रिक्षाचा नाही, हे लगेच कळतं. मागे मुलाची सीट किंवा पुढे टोपली असलेल्या सायकलवाल्यांनी हिचा जरूर विचार करावा, कारण भरलेली सायकल हळू चालते, उशिरा थांबते आणि तिला आधीपासून चाहूल द्यावी लागते. अडचण वजनाची. खालची पट्टी हलकी असेल तर खड्ड्याखड्ड्यांतून घंटी हँडलवर गोल फिरते आणि चार दिवसांत खाली लोंबते. पट्टीखाली जुन्या ट्यूबचा एक तुकडा गुंडाळून मग आवळली की जागची हलत नाही. नुसता स्क्रूच आवळत गेलात तर त्याचे आटे जातील.

रबरी पोंगा, म्हणजे पों पों, आवाजाला वाईट नाही. पण मुंबईत तो आवाज आधीच कुणाच्या तरी नावावर आहे. सायकलवर डबा बांधून येणाऱ्या इडलीवाल्याचा तो पोंगा आहे. तो वाजला की लोक बाजूला होत नाहीत, बघायला जवळ येतात. लहान मुलं तर धावत येतात. ज्याची रोजीरोटी त्या आवाजावर आहे त्याच्याकडेच तो राहू द्यावा. शिवाय रबर उन्हात तडकतं, आणि फुग्याला बारीक भेग पडली तरी आतल्या पत्तीला वारा पुरत नाही.

बॅटरीचा भोंगा. दहा प्रकारचे सायरन, मोटारसारखा हॉर्न, पोलिसांच्या गाडीसारखा आवाज. मागून मोटारीचा हॉर्न ऐकू आला की फुटपाथवरचा माणूस काय समजेल? गाडी वर चढली. तो उडी मारतो, आणि सी फेसला एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला रस्ता. एका भोंग्यापायी माणूस रस्त्यावर जाऊ शकतो. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आणि शांतता क्षेत्रात, म्हणजे रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयं यांच्याभोवतीच्या १०० मीटरांत, हॉर्न वाजवायला बंदी आहे. पहाटे पाचला इमारतींखालून सायरन वाजवत जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पावसात बटणाच्या फटीतून पाणी शिरून हे भोंगे कधी मुके होतात, कधी अडकून वाजतच राहतात. विकत घेऊ नका, एवढंच.

बसवण्याकडे वळू, कारण चांगल्या घंट्या इथेच वाया जातात. हँडल सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं. मुठीजवळ ते २२.२ मिलिमीटर असतं, आणि बऱ्याच नव्या सायकलींत मधोमध ३१.८. दुकानदार मोकळी जागा बघून घंटी मध्यभागी लावून देतो. तिथे पोचायला हात मुठीवरून काढावा लागतो, म्हणजे जिथे घंटीची गरज तिथेच एक ब्रेक सुटतो. घंटी मुठीला लागून, अंगठा नुसता लांब केला की खटक्यावर येईल अशी हवी. मूठ धरून, दोन बोटं ब्रेकच्या दांडीवर ठेवून डोळे मिटून वाजवून बघा. तीनदा दाबून तीनदा वाजली तर जागा बरोबर आहे.

वाटी नेहमी वर. मोबाइलचा स्टँड लावायला जागा हवी म्हणून काही जण घंटी हँडलच्या खाली उलटी टांगतात. मुंबईच्या पावसात ती वाटी अक्षरशः वाटीच होते, पाणी साठतं आणि आतलं सगळं सडतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ब्रेकची किंवा गिअरची केबल वाटीला टेकणं. वाटीला कशाचाही स्पर्श झाला की घुमी मरते, टिंगचं टक होतं. पोस्टकार्डाएवढा जाड कागद वाटीभोवती फिरवून बघा, आणि हँडल डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवून पुन्हा फिरवा. सरळ हँडलवर मोकळी असलेली केबल वळणावर हमखास टेकते.

वाजवायची कधी? ताशी १२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ३.३ मीटर. या वेगात समोर काही आलं, ते दिसून बोटं दाबेपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या फरशीवर सायकल पाचेक मीटरमध्ये थांबते. ताशी २० किलोमीटरला हेच अंतर दुपटीहून जास्त होतं. ओल्या रिमवर रबराचा ब्रेक आधी पाणी पुसतो आणि मग धरतो, त्यामुळे पावसात हे आकडे विसरून निम्म्या वेगानं जावं. चालणाऱ्याला मात्र ऐकायला, कळायला, ठरवायला आणि सरकायला मिळून दोनतीन सेकंद लागतात. म्हणून घंटी १५ मीटर आधी, म्हणजे साधारण आठ-नऊ सायकली एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढं अंतर होईल तेवढ्यावर. माणूस उभा असेल तर १२च्या वेगानं तुम्ही साडेचार सेकंदांत त्याच्याजवळ पोचता. २०च्या वेगानं पावणेतीन सेकंदांतच, म्हणजे त्याचं पाऊल अजून हवेत असतानाच. फुटपाथवर १२ ही कमाल मर्यादा समजा, आणि माणसाच्या शेजारून जाताना त्याच्याच चालीनं.

तीन मीटरवर वाजवलेली घंटी न वाजवण्यापेक्षा वाईट. न वाजवता हळू गेलात तर तो निदान सरळ चालत राहतो. जवळून वाजली की तो खांद्यावरून मागे बघतो, आणि माणूस ज्या खांद्यावरून वळून बघतो त्याच बाजूला नकळत सरकतो.

वाजवल्यावर लोक कसे हलतात तेही बघण्यासारखं आहे. जोडीनं चालणारे बहुधा दोन बाजूंना फुटतात आणि मधोमध छान वाट मोकळी होते. त्या वाटेनं जाऊ नका. दुसऱ्याच क्षणी एकाला वाटतं की आपण चुकीच्या बाजूला आलो आणि तो परत जोडीदाराकडे धावतो. मूल असेल तर नक्कीच आईकडे धावतं. थांबायचं, दोघं एका बाजूला येईपर्यंत पाय टेकवून उभं राहायचं, मग जायचं. कुत्रा साखळीला असेल तर तो आणि मालक यांच्यामधली जागा ही जागा नसतेच, तिथे साखळी असते, आणि संध्याकाळच्या उजेडात ती दिसत नाही. मरीन ड्राइव्हला समुद्राकडे पाठ करून फोटो काढून घेणारे एकदम दोन पावलं मागे येतात आणि फोटो काढणाराही मागे मागे जात असतो. दोघांच्याही नजरा मोबाइलवर. तिथे घंटीचा उपयोग नाही, लांबून वळसा घ्यावा.

आवाज तोंडानंही द्यावा लागतो. फक्त बाजू सांगू नका. ‘उजवीकडून येतोय’ म्हटलं की ऐकणाऱ्याला फक्त ‘उजवीकडे’ ऐकू येतं आणि तो उजवीकडेच होतो. ‘काका, मागे सायकल आहे, सावकाश’ एवढं पुरे. पुढे गेल्यावर ‘थँक्यू’ म्हणायला विसरू नये. दोनदा घंटी आणि एकदा हाक देऊनही हालचाल नसेल तर त्या माणसाच्या कानात इअरफोन आहेत किंवा त्याला ऐकू येत नाही. तिसऱ्यांदा वाजवू नका. उतरा आणि चालत पुढे जा.

वाऱ्याचाही हिशेब ठेवावा. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा असतो. गिरगाव चौपाटीकडून नरिमन पॉइंटकडे जाताना तो तोंडावर येतो आणि घंटीचा आवाज पुढे जाण्याऐवजी मागे पडतो. तेव्हा १५ मीटरवरून वाजवलेलं ऐकू जात नाही, आणि जवळ जाऊन वाजवलं तर उशीर होतो. म्हणून वेग आणखी कमी करून हाकच मारावी. परतीच्या वाटेवर तीच घंटी लांबवर ऐकू जाते. कोस्टल रोडच्या पदपथाकडे नेणाऱ्या भुयारी मार्गांत वेगळाच प्रकार होतो: काँक्रीटच्या भिंतींवर आवाज आपटून चारी बाजूंनी येतो, सायकल पुढून येतेय की मागून तेच कळत नाही, आणि सगळे जागच्या जागी थबकतात. भुयारात सायकल हातात धरूनच न्यावी.

मुलांच्या सायकलींबद्दल दोन शब्द. मुलं फुटपाथवर चालवणारच, आणि त्यांनी तिथेच चालवावी. पण छोट्या सायकलीबरोबर येणारी प्लॅस्टिकच्या वाटीची, वर होकायंत्र किंवा कार्टून असलेली घंटी घंटी नव्हेच. तिचा आवाज झाकणावर चमचा मारल्यासारखा. मुठीजवळची जाडी मोठ्यांच्या सायकलीसारखीच २२.२ असेल तर पितळी टिंग सहज बसते. मात्र हातोडी ओढायला लहान बोटाला जमतंय का ते मुलाच्याच हातानं बघा. कडक स्प्रिंग असेल तर मूल घंटी वाजवायला पूर्ण हात सोडतं आणि सायकल वळते.

ॲपवर भाड्यानं मिळणाऱ्या सायकलींत घंटी बरेचदा मुठीतच असते, फिरवायची. स्टँडवरून काढण्याआधी ती फिरवून बघा. मुकी असेल तर दुसरी घ्या, जशी ब्रेक नसलेली घेतली नसती.

पितळी घंटीला देखभाल नसल्यातच जमा. समुद्राच्या लाटा कठड्यावरून उडतात त्या दिवसांत घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन फडक्यानं पुसायची. हिरवट डाग पडले तर चिंच किंवा पितांबरी चालेल, पण वाटी सोडवून घ्या. आंबट पाणी हातोडीच्या पोलादी स्प्रिंगला लागलं तर आठवड्यात गंज धरतो. ट्रिंग ट्रिंगवाल्यांनी मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि गणपतीनंतर एकदा, अशी वर्षातून दोनदा घंटी उघडायची. वाटी परत लावताना आत खुंटीच्या आट्यांवर तेलाचं एक बोट फिरवा, नाहीतर पुढच्या वेळी वाटी निघणार नाही आणि पक्कडीनं ओढताना चेपेल. चेपलेली वाटी पुन्हा तशी वाजत नाही.